आईची अनामिका आणि सोळा महिने

आईचा अंगठा मशीनवर लागत नव्हता. ओल्या फडक्याने पुसला, कोरड्याने पुसला, बोटभर खोबरेल लावून पाहिलं. घर भाड्याने द्यायच्या कराराची नोंदणी चालली होती, आणि लॅपटॉपवर दर वेळी तीच लाल अक्षरं. शहात्तर वर्षांची बाई, जन्मभर भांडी घासलेली बोटं, रेषा उरणार कुठून? एजंट एकदा घड्याळाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाला, "ताई, काकूंना कशाला त्रास? स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू. सगळे तेच करतात."

मी "बरं" म्हणणारच होते. मला संध्याकाळी साताऱ्याला परतायचं होतं. अडवलं ते आईने. तिला ना नोंदणी कायदा माहीत, ना भाडे नियंत्रण. "ह्यांनी घेतलेल्या घराचा कागद कच्चा नको," एवढंच बोलली आणि एकेक बोट मशीनवर टेकवत गेली. डाव्या हाताची अनामिका लागली. स्क्रीन हिरवी झाली, एजंट हुश्श म्हणाला. पाचशेच्या आसपास स्टॅम्प ड्युटी, १००० रुपये नोंदणी फी, वर एजंटचे पैसे. करार १ जून २०२२ ते ३० एप्रिल २०२३, अकरा महिन्यांचा. महिना १८,०००, डिपॉझिट ५०,०००.

पुण्यातला तो वन बीएचके बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेला. ते गेल्यावर तो आईच्या नावावर आला, आणि त्याचं भाडं हेच तिचं पेन्शन. राहायला आले ते नवरा-बायको आणि दुसरीतला मुलगा. गृहस्थ एका खासगी कंपनीत. पुढे कागदोपत्री त्यांचं नाव "सामनेवाले" झालं. इथेही तेच वापरते, खरं नाव लिहायचा प्रश्नच नाही.

पहिले अकरा महिने तक्रारीला जागा नव्हती. पैसे पाच तारखेच्या आत. सोसायटीच्या मीटिंगला सामनेवाले आमच्यापेक्षा जास्त उत्साहाने जायचे. एप्रिलच्या शेवटी त्यांचा फोन आला: "ताई, नव्या फ्लॅटचं पझेशन लांबलंय, दोन महिने द्या. परत करार कशाला, उगाच खर्च." आणि मी हो म्हटलं. तोंडी. मे आणि जूनचे पैसे यूपीआयने आले, शेऱ्यात "मे महिन्याचं भाडं", "जून महिन्याचं भाडं". मी त्यावर नमस्काराचा हात पाठवला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. तो नमस्काराचा हात पुढे समोरच्या शपथपत्राला जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मला परत भेटला.

जुलैपासून पैसे बंद. आधी "पगार उशिरा", मग "नोकरी गेली", मग फोन उचलणंच बंद. नोकरी खरंच गेली होती, हे मला नंतर कळलं. नव्या फ्लॅटचं काय झालं ते कधीच कळलं नाही.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. शेजारचे काका म्हणाले, पाण्याचा कॉक बंद करा, आठवड्यात पळतील. मामेभाऊ म्हणाला, वीजबिल मावशीच्या नावावर आहे ना, मग कनेक्शन तोडायचा अर्जच देऊन टाक. एकाने तर ते गावाला जातील तेव्हा कुलूप बदलायचं सुचवलं, "घर आपलं, कुलूप आपलं". मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ही दिवाणी बाब आहे. आम्ही त्यांना बाहेर काढू शकत नाही. आणि तुम्ही कुलूप तोडलंत, तर ते इथे येतील आणि मला तुमच्यावर नोंद करावी लागेल."

तेव्हा राग आला. पण त्यांचं बरोबर होतं, हे वकील मॅडमनी नीट उलगडून सांगितलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई यातलं काहीही घरमालकाला तोडता येत नाही. तोडलं तर तो गुन्हा. जबरदस्तीने बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ती व्यक्ती सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकते, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा मुद्दाच नसतो. "म्हणजे कुलूप बदलून तुम्ही केस जिंकणार नाही, त्यांना एक केस बक्षीस द्याल." मॅडम हे हसत म्हणाल्या, पण त्यानंतर मी त्या काकांशी या विषयावर बोलणं बंद केलं.

मॅडमचा पहिला प्रश्न होता, "करार नोंदवलेला आहे की नोटरी?" मी फाइलमधून इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढून दिला. त्या खुर्चीत मागे रेलल्या. "मग आपल्याकडे कलम २४ आहे."

हे कलम घर लायसन्सवर देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती वापरायची परवानगी म्हणून, दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर मालकाला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं दावा चालवावा लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सरकारने यासाठीच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी सामनेवाल्यांना दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. घर आपल्याला कशासाठी हवंय, ते आजारी आहेत की आपण, हे काही सिद्ध करावं लागत नाही.

जुन्या अर्थाने भाडेकरू असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे कलम १६ मधलं एखादं कारण लागतं: जागेची स्वतःला खरी गरज, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, सहा महिने जागा विनाकारण न वापरणं वगैरे. भाडं थकलं म्हणून काढायचं तर कलम १५ खाली लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबायचं. शिवाय गरजेचं कारण असेल तर जास्त अडचण कोणाची होईल, मालकाची की भाडेकरूची, याचंही वजन होतं. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका आजींचा पेठेतल्या वाड्याचा दावा त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला आहे. त्या अजून तारखांना जातात. डबा घेऊन.

अकरा महिन्यांची गंमतही इथेच समजली. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रुळली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ ने ती केव्हाच बुजवली आहे. करार अकरा महिन्यांचा असो की पाच, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. कसूर झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट पुढचं आहे. नोंदवलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. त्या एजंटची नोटरी आठवून मला घाम फुटला.

घाम तिथेच थांबला नाही. मॅडमनी यूपीआयची नोंद पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. "मे-जूनचं भाडं म्हणून घेतलंत? ते म्हणतील, मुदतीनंतर नवा तोंडी करार झाला. आणि तोंडी करार म्हटला की कलम ५५ त्यांच्या बाजूने उभं राहतं." मुदत संपल्यावर पैसे घ्यायचेच होते, तर त्याच दिवशी एका ओळीचा मेसेज जायला हवा होता: ही रक्कम जागा वापरल्याची भरपाई म्हणून, आमचे हक्क राखून स्वीकारत आहोत, नवा करार झालेला नाही. एवढंच. फुकटात.

सप्टेंबरात नोटीस गेली, रजिस्टर एडीने. लायसन्सची मुदत संपली की अशी नोटीस द्यायलाच हवी असं नाही, पण आपण सभ्यपणे मागून पाहिलं हे फाइलवर असावं, असं मॅडमचं मत. पाकीट "घर बंद" शेऱ्यानिशी परत आलं. ते न फोडता तसंच जपून ठेवायचं असतं. मी उत्साहाने फोडायला निघाले होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अर्ज दाखल झाला. अर्जदार आई. तिला पुण्याला दर तारखेला नेणं शक्य नव्हतं, म्हणून माझ्या नावाने कुलमुखत्यारपत्र केलं. सोबत कराराची प्रमाणित प्रत, इंडेक्स टू, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, नोटीस, ते परत आलेलं पाकीट आणि आईच्या बँक खात्याचा उतारा. मालकीचा पुरावा कशाला, सामनेवाले कुठे नाही म्हणतायत, असं मी विचारलं. "अजून म्हणालेले नाहीत," मॅडम म्हणाल्या.

मग समन्स. या कायद्यात खरी लढाई समन्सच्या बजावणीची असते, कारण घड्याळ तिथून सुरू होतं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत सामनेवाल्यांनी शपथपत्र देऊन बचाव करायची परवानगी मागायची. नाही मागितली, तर अर्जातलं म्हणणं त्यांना कबूल आहे असं धरून थेट ताब्याचा हुकूम. त्यामुळे समन्स न मिळणं हीच त्यांची सोय. पहिल्यांदा घराला कुलूप. दुसऱ्यांदा वहिनी दारात आल्या, "ते नाहीत, मी घेणार नाही" म्हणाल्या. खिडकीत मुलगा उभा होता म्हणे, समन्स घेऊन गेलेल्या बेलिफनी सांगितलं. मला ते ऐकायचं नव्हतं.

तिढा सुटला तो पोलिसांना दिलेल्या भाडेकरू-माहितीच्या फॉर्ममुळे. तो भरताना मला निव्वळ कटकट वाटली होती. त्यात गावचा कायमचा पत्ता होता. मॅडमनी समन्स तिकडेही पाठवण्याची विनंती केली, आणि डिसेंबरात ते सामनेवाल्यांच्या वडिलांच्या हाती पडलं. त्याच रात्री त्यांचा आईला फोन. आईने स्पीकरवर टाकला. "वहिनी, आमच्या घरात आजवर कोर्टाचा कागद आला नव्हता." आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्याही घरातून कधी गेला नव्हता, भाऊजी." दोघंही मग बाजरीचं पीक यंदा कसं आहे त्यावर बोलत बसले. मी स्वयंपाकघरात उठून गेले.

पुढच्या तारखेला सामनेवाले वकिलासकट हजर होते आणि समन्स मिळाल्याचं मान्य झालं. एकोणतिसाव्या दिवशी शपथपत्र आलं. त्यात तीन गोष्टी होत्या. आईने तोंडी तीन वर्षांचा शब्द दिला होता. आमच्या सांगण्यावरून त्यांनी किचनच्या ट्रॉलीवर दोन लाख खर्च केले होते. आणि मुदतीनंतर भाडं घेतल्यामुळे ते आता लायसन्सी नसून भाडेकरू होते. ट्रॉलीचं वाचून आई हसली. त्या ट्रॉली बाबांनी स्वतः उभं राहून करून घेतल्या होत्या, सुताराचं बिल अजून तिच्या कपाटात होतं. तेही आम्ही जोडलं. मला हसू येत नव्हतं, कारण तिसऱ्या मुद्द्याला माझा नमस्काराचा हात जोडलेला होता.

परवानगीवरचा युक्तिवाद तीन तारखा लांबला. एकदा बोर्डावर आमचा नंबरच आला नाही, एकदा समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. स्वारगेटला उतरायचं, रिक्षा करायची, बाकावर बसायचं, परत यायचं. बाकावर शेजारी बसलेले बहुतेक घरमालक माझ्यासारखेच होते: एकच जास्तीचं घर, तेही कोणाच्या तरी म्हातारपणासाठी. एकीचा करार नोटरीचा होता. तिचे वकील काय म्हणतायत हे मी विचारलं नाही.

प्रत्यक्ष युक्तिवाद वीस मिनिटांचा झाला. मॅडमनी नोंदवलेला करार पुढे ठेवला. लेखी करार निर्णायक पुरावा आहे, त्यात तीन वर्षांचा शब्द नाही, ट्रॉली नाही. उलट फिटिंग्जच्या यादीत ट्रॉली मालकाच्या म्हणून लिहिलेल्या आहेत, आणि खाली सामनेवाल्यांचं स्वतःचं बायोमेट्रिक आहे. (ती यादी एजंटने छापील नमुन्यातून उचलली होती. मी वाचलीही नव्हती.) मुदत संपल्यावर लायसन्सीने टाकलेले पैसे घेतले म्हणून आपोआप नवं लायसन्स किंवा भाडेपट्टा जन्माला येत नाही, दोन महिन्यांनी पैसे थांबले हेच सांगतं की कायमचं काही ठरलं नव्हतं. समोरून कलम ५५ आलंच. अधिकाऱ्यांनी विचारलं, "नवा करार झाला म्हणता, मग त्याचं भाडं जुलैपासून का दिलं नाही?" उत्तर लगेच आलं नाही.

एप्रिल २०२४ मध्ये हुकूम झाला. बचावाची परवानगी नाकारली. ३० दिवसांत रिकामा, शांततापूर्ण ताबा द्यावा. १ मे २०२३ पासून ताबा मिळेपर्यंत महिना ३६,००० दराने भरपाई, मिळालेली रक्कम वजा जाता. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "मग कधी जाणार ते?" त्याचं उत्तर हुकुमात होतं, पण हुकूम म्हणजे ताबा नव्हे, हे मला तोवर कळलं होतं.

या हुकुमावर अपील नाही. पण ९० दिवसांत रिव्हिजन, म्हणजे हुकुमाच्या फेरतपासणीचा अर्ज, करता येतं आणि ते विभागीय आयुक्त कार्यालयात चालतं. मॅडमनी हुकुमाच्याच आठवड्यात कॅव्हिएट टाकून ठेवलं, म्हणजे आम्हाला न ऐकता परस्पर स्टे मिळू नये. मेच्या अखेरीस रिव्हिजन आलंच. स्टे मागताना त्यांना विचारण्यात आलं, थकलेल्या रकमेतलं काही भरायची तयारी आहे का? नव्हती. जुलैत स्टे नाकारला गेला.

नुसतं रिव्हिजन दाखल आहे म्हणून अंमलबजावणी थांबत नाही. हुकूम पाळला नाही, तर सक्षम प्राधिकारी जरूर तेवढं बळ वापरून ताबा घेऊ शकतो, कलम ४५. त्यासाठी आमचा वेगळा अर्ज, मग पोलीस बंदोबस्ताचं पत्र आणि त्याचे पैसे. सप्टेंबरात गणपती होते, एकदा ते सुरू झाले की पुण्यात कोणाला बंदोबस्त मिळणार? मॅडम रोज फोन करत होत्या. २२ ऑगस्ट ही तारीख मिळाली.

आदल्या संध्याकाळी सामनेवाल्यांचा मेसेज आला: "ताई, आम्ही सामान हलवलं. किल्ली वॉचमनकडे ठेवतो." मला इतकं हायसं वाटलं की मी वॉचमनला फोन लावायला घेतला. नशिबाने आधी मॅडमना कळवलं. "किल्लीला हात लावू नका. उद्या आत त्यांचं एक कपाट निघालं आणि त्यात दागिने होते म्हणाले, तर? ताबा कागदावरच घ्यायचा."

सकाळी बेलिफ, दोन पोलीस, सोसायटीचे सेक्रेटरी आणि एक शेजारी पंच म्हणून, आणि चावीवाला. वॉचमनकडच्या किल्लीने लॅच उघडलं, वरचं कुलूप मात्र चावीवाल्याला तोडावं लागलं, त्याची किल्ली त्यात नव्हतीच. आत शिरल्यावर बेलिफ खोलीखोलीतून मोठ्याने सांगत गेले आणि लिहीत गेले: प्लास्टिकची खुर्ची एक, मोडकी. मिक्सरचं भांडं एक, झाकण नाही. शाळेची वही तीन. विजेच्या मीटरचं रीडिंग. बेडरूमच्या भिंतीवर पेन्सिलीने मुलाच्या उंचीच्या खुणा होत्या, तारखांसकट. शेवटची जुलै २०२४ ची. बेलिफनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "भिंतीवर किरकोळ डाग" असं लिहिलं. मी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, पंचनाम्यावर सह्या झाल्या, ताबा पावतीवर मी आईच्या वतीने सही केली. नवं कुलूप पिशवीत होतं.

राहिलेल्या वस्तू एका खोक्यात भरल्या आणि घेऊन जा म्हणून सामनेवाल्यांना लेखी कळवलं. वह्या नेल्या, बाकी नाही.

पैशाचा हिशेब वेगळाच बसला. सोळा महिन्यांत नऊ दिवस कमी, दुप्पट दर, त्यातून मे-जूनचे ३६,००० आणि डिपॉझिटचे ५०,००० वजा केले तरी पावणेपाच लाखांच्या पुढे. शिवाय थकलेलं वीजबिल. वकिलांची फी, टायपिंग, बंदोबस्त, प्रवास हे सगळं आमच्या खिशातून. कागदावर दुप्पट लिहिलेलं वसूल करायचं, तर समोरच्याकडे जप्त करण्यासारखं काही असावं लागतं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, हा हुकूम वसुलीसाठी आणखी दोन-तीन वर्षं वागवायची तयारी असेल तर वागवा, नाहीतर तडजोड करा. ठरवायचं आईने होतं. तिने गावच्या त्या भाऊजींना फोन केला. १,८०,००० वर तुटलं, महिना १०,०००, लेखी, दोघांच्या वकिलांसमोर. दुसरीकडे सामनेवाल्यांनी रिव्हिजन मागे घेतलं.

घर आता दुसऱ्यांना दिलंय, नोंदवलेल्या करारावर. या वेळी आईने उजवा अंगठा पुढे केलाच नाही, सरळ डावी अनामिका टेकवली. मुदत संपायच्या साठ दिवस आधीची तारीख मी फोनमध्ये टाकलीय. उंचीच्या खुणांवरून रंगाचा हात फिरला, पण पहिल्या हातात त्या दिसतच होत्या, दुसरा द्यावा लागला.

हप्ते येतात, पण नेमाने नाही. सातवा गेल्या महिन्यात आला. आठव्याची आज पाच तारीख, आई सकाळपासून दोनदा बँकेचा मेसेज आला का म्हणून विचारून गेली.